कानात उशिरा पोचणारा टाळ

सप्ताहाच्या कीर्तनाचं चित्रीकरण होतं. मंडपाच्या मधोमध कॅमेरा, बुवांसमोर मायक्रोफोन आणि माझ्या कानांवर नवाकोरा बिनतारी हेडफोन. गर्दीत केबलला कुणाचा पाय अडकायला नको म्हणून कॅमेऱ्याच्या हेडफोन जॅकमध्ये ब्लूटूथचा छोटा ट्रान्समीटर खोचला होता. पखवाज सुरू झाला, टाळकऱ्यांनी ठेका धरला, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. समोरच्या माणसाच्या हातातले टाळ एकमेकांवर पडायचे, आणि आवाज कानात त्यानंतर यायचा. आधी वाटलं, टाळकरीच मागे राहतायत. मग एक कान उघडा केला. मंडपातला टाळ हातावर चोख पडत होता. उशीर फक्त माझ्या हेडफोनमध्ये होता. आता एकाच टाळाचे दोन टाळ ऐकू येत होते.

उरलेली रात्र तसंच निभावलं. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं तेव्हा खरा फटका कळला. शेवटच्या पाऊण तासात मायक्रोफोनच्या केबलची किरकिर आवाजात उतरली होती. ती मला तिथे ऐकूही आली होती. पण ब्लूटूथही अधूनमधून तसाच अडखळत होता, म्हणून ही किरकिर मी त्याच्याच खात्यावर टाकून सोडून दिली.

त्या रात्रीनंतर बिनतारी हेडफोनच्या उशिराचा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. लग्नाचे व्हिडिओ करणारे, यूट्यूबसाठी मुलाखती घेणारे, लघुपट करणारी मुलं सगळीच आज हा प्रश्न विचारतात: कॅमेऱ्याचा आवाज तपासायला ब्लूटूथ चालेल का? उत्तर बहुधा ‘चालतो की’ किंवा ‘अजिबात नको’ एवढ्यावरच संपतं. खरं उत्तर कोण ऐकतंय, कशासाठी ऐकतंय आणि उशीर नेमका किती आहे यावर ठरतं. तो किती आहे हे घरी मोजता येतं, म्हणून हा आढावा.

आधी एक गैरसमज. ‘याच हेडफोनवर मी सिनेमा बघतो, ओठ आणि आवाज अगदी जुळतात,’ असं लोक खात्रीने सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. फोनला आपल्या हेडफोनचा उशीर साधारण ठाऊक असतो, म्हणून तो चित्रच तेवढं मागे धरतो. आवाज 200 मिलिसेकंद उशिरा पोचणार असेल तर चित्रही 200 मिलिसेकंद उशिरा दाखवायचं, की दोन्ही जुळले. आधीच रेकॉर्ड झालेल्या गोष्टीत हे करता येतं. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला असं थांबवता येत नाही. तो आत्ता बोलतोय आणि आपण त्याला डोळ्यांनी आत्ता बघतोय. त्यामुळे सिनेमा बघून केलेली परीक्षा चित्रीकरणासाठी कुचकामी आहे. मोबाइलवरचे गेम खेळणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण तिथेही बोट आत्ता पडतं.

आता किती उशीर खपतो, ते पाहू. दूरचित्रवाणीवाल्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला खटकायला लागतं. मागे पडला तर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. युरोपीय प्रसारण संघ जास्त कडक आहे: 40 पुढे, 60 मागे. अमेरिकेतल्या एटीएससी या दूरचित्रवाणीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2003 मध्ये त्याहून कडक हद्द सांगितली: 15 पुढे, 45 मागे. तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो. निसर्गात आवाज नेहमी मागेच असतो. हवेत तो सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ 3 मिलिसेकंद. नाट्यगृहात रंगमंचापासून वीस मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक वाक्य 58 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. आवाज कृतीच्या आधी ऐकू येण्याची सवय मात्र माणसाला कुठेच लागलेली नाही.

म्हणून 50-60 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर नुसतं बघणाऱ्या-ऐकणाऱ्याला जाणवत नाही, असं धरायला हरकत नाही. 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. नेहमीच्या ब्लूटूथचा उशीर 150 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे चार ते सहा फ्रेम. टाळ, तबला किंवा टाळीसारख्या टोकदार आवाजात तो लपतच नाही.

हा उशीर येतो कुठून? लोक सगळं खापर कोडेकवर, म्हणजे आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीवर, फोडतात. पण साध्या एसबीसी कोडेकची एक चौकट 3 मिलिसेकंदांपेक्षाही छोटी असते. एएसीची चौकट मोठी, तरी 48 किलोहर्ट्झला ती 21 मिलिसेकंदांचीच. उशिराचा मोठा वाटा आहे साठ्याचा, म्हणजे बफरचा. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. महापालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी थेंबभर, कधी अर्धा तास जातं. नळ मात्र सारखा चालतो, कारण मधे टाकी आहे. हेडफोनमध्येही अशीच आवाजाची टाकी असते. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एक-एक मेगाहर्ट्झच्या 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत चालतं. त्याच पट्ट्यात वायफायही असतं. एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवावं लागतं, आणि ते येईपर्यंत टाकीतला आवाज वाजत राहतो. टाकी मोठी ठेवली तर आवाज तुटत नाही पण उशिरा येतो. लहान केली तर लवकर येतो पण गर्दीत तुटतो. संगीत ऐकण्यासाठी 2003 च्या सुमारास जी ब्लूटूथची पद्धत ठरली, तिच्यात न तुटण्याला महत्त्व दिलं गेलं. गाणी ऐकणाऱ्यासाठी तो निर्णय योग्यच होता. आपण तीच वस्तू दुसऱ्या कामाला लावली आहे.

टाकी लहान करायचे प्रयत्न झाले आहेत. एपीटीएक्स लो लेटन्सी या कोडेकचा दावा 40 मिलिसेकंदांच्या आसपासचा होता, आणि ज्यांच्याकडे ती जोडी होती त्यांचा अनुभवही चांगला होता. पण ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत ते कोडेक असावं लागतं. एकात नसेल तर जोडणी गुपचूप एसबीसीवर उतरते आणि कुठलाच दिवा ते सांगत नाही. बरेच लोक इथेच फसतात: खोक्यावर नाव वाचून महागडा ट्रान्समीटर घेतात आणि अशा हेडफोनला जोडतात ज्यात ते कोडेक नाही. ॲपलच्या हेडफोनांमध्ये एपीटीएक्स नाही. सोनीच्या डब्ल्यूएच-1000एक्सएम3 मध्ये एपीटीएक्स होतं, त्याच्या पुढच्या एक्सएम4 मध्ये ते काढलं. एलडॅक हे आणखी एक कोडेक आवाजाच्या दर्जासाठी चांगलं आहे, उशिरासाठी नाही. 2018 मध्ये आलेलं एपीटीएक्स ॲडॅप्टिव्ह 50 ते 80 चा दावा करतं, पण नावाप्रमाणे ते परिस्थिती बघून बदलतं. शांत खोलीतला आकडा आणि मांडवातला आकडा एक असेलच असं नाही.

खरी आशा एलई ऑडिओकडून आहे. त्याचा पाया 2020 च्या ब्लूटूथ 5.2 मध्ये घातला गेला, आणि 2022 मध्ये पूर्ण नियमावली आली. एलसी3 कोडेक आणि वेळेशी बांधलेल्या वाहिन्या यांमुळे उशीर 20-30 मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येतो. एका ट्रान्समीटरवरून अनेक हेडफोनना आवाज देण्याची ऑराकास्ट ही सोयही त्यातलीच. सेटवर दिग्दर्शक, सहायक आणि निर्मात्याचा माणूस अशा तिघांना एकदम ऐकवायचं असेल तर हे फार उपयोगाचं ठरेल. अडचण कॅमेऱ्याची आहे. बहुतेक कॅमेऱ्यांमधलं ब्लूटूथ फोनशी आणि रिमोटशी बोलण्यापुरतं असतं, हेडफोनसाठी नसतं. म्हणून मधे ट्रान्समीटर लागतोच, आणि तो कसा आहे यावर सगळं अवलंबून राहतं.

ब्लूटूथ सोडूनही बिनतारी मार्ग आहेत. व्यावसायिक सेटवर दिग्दर्शकाला आवाज द्यायला आणि रंगमंचावरच्या गायकाला त्याचा आवाज ऐकवायला ॲनालॉग रेडिओ यंत्रणा वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यांत साठा नसतो, म्हणून उशीर जवळजवळ शून्य. आवाज तुटतो तेव्हा खरखर ऐकू येते, पण तो उशिरा येत नाही. चांगल्या डिजिटल यंत्रणाही आता मागे नाहीत: शुअरची यूएलएक्स-डी 3 मिलिसेकंदांच्या आत, सेनहायझरची ईडब्ल्यू-डीएक्स 1.9 मिलिसेकंदांवर. 3 मिलिसेकंद म्हणजे वक्ता एक मीटर लांब उभा राहिल्यासारखं. त्याची चिंता करायचं कारण नाही. किंमत मात्र लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या आवाक्यातली नाही. परदेशातून मागवणाऱ्यांनी आणखी एक जपावं. अमेरिकेतल्या 900 मेगाहर्ट्झच्या हेडफोनांचा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेच्या पट्ट्यात घुसतो. तिथे कायदेशीर असलेली वस्तू इथे असेलच असं नाही.

अलीकडे छातीला लावायच्या बिनतारी मायक्रोफोनच्या रिसीव्हरवरही हेडफोनचा जॅक यायला लागला आहे. सोय छान आहे, पण तिथे ऐकू येतो तो रिसीव्हरपर्यंत पोचलेला आवाज. तो कॅमेऱ्यात नीट उतरतोय की नाही, मधली केबल सैल आहे का, कॅमेऱ्याचा गेन जास्त होऊन आवाज फाटतोय का, हे त्यावरून कळत नाही. शेवटचा कान कॅमेऱ्याच्या जॅकलाच हवा.

कॅमेऱ्यालाही त्याचा स्वतःचा उशीर असतो. सोनीच्या कॅमेऱ्यांत हेडफोनसाठी ‘लाइव्ह’ आणि ‘लिप सिंक’ असे दोन पर्याय असतात. पॅनासॉनिकच्या लुमिक्समध्ये ‘रिअलटाइम’ आणि ‘रेक साउंड’. दुसऱ्या प्रकारात आवाज पडद्यावरच्या चित्राशी जुळवून किंवा प्रक्रिया होऊन येतो, म्हणून थोडा उशिरा येतो. हेडफोनला दोष देण्याआधी मेनूतली ही जागा बघावी. बिनतारी व्हिडिओ मॉनिटर वापरत असाल तर उलटा घोटाळा होतो. स्वस्त यंत्रणांत चित्रच 60 ते 100 मिलिसेकंद मागे असतं, मग तारेच्या हेडफोनमधला चोख आवाज चित्राच्या पुढे धावतो, आणि तो जास्त खुपतो.

आता मोजायचं कसं. मला सगळ्यात आवडलेली पद्धत अशी आहे की तिला कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही लागत नाही. रात्री घर शांत झालं की कॅमेरा टेबलावर ठेवायचा, आवाजाची पातळी हाताने ठरवायची, म्हणजे ऑटो बंद. हेडफोन डोक्याला न लावता त्याची एक वाटी सरळ मायक्रोफोनसमोर धरायची. हेडफोनची बाहेरचा आवाज दाबायची सोय बंद ठेवायची, आवाज मध्यम. रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि पेन्सिलने टेबलावर एकदाच टक् करायचं. तो आवाज मायक्रोफोनमध्ये जातो, कॅमेऱ्यातून ट्रान्समीटरकडे, तिथून हेडफोनकडे आणि वाटीतून पुन्हा मायक्रोफोनमध्ये. मग फेरी सुरू: टक्… टक्… टक्… प्रत्येक वेळी थोडा मंद. तो मंद व्हायच्या ऐवजी वाढायला लागला तर हेडफोनचा आवाज लगेच कमी करा, नाहीतर शिट्टी सुरू होईल. आता ही क्लिप ऑडॅसिटीमध्ये उघडा. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. लाटांचे एकामागोमाग एक उंचवटे दिसतील. दोन लगतच्या उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे संपूर्ण फेरीचा उशीर. समजा ते अंतर 9,600 सॅम्पल भरलं आणि रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झचं आहे, तर उशीर झाला 200 मिलिसेकंद, म्हणजे 25 फ्रेमच्या चित्रात बरोबर पाच फ्रेम. मोजताना उंचवट्याचं टोक धरू नका, लाट जिथे सपाटीवरून उठते ती जागा धरा; कोडेकमधून गेलेल्या आवाजाचं टोक सरकलेलं असू शकतं.

मग तोच प्रयोग तारेच्या हेडफोनने करायचा. या वेळी टक्-टक् वेगळं ऐकूच येत नाही, एक झंकार ऐकू येतो, कारण फेऱ्या फार जवळजवळ पडतात. पडद्यावर मोठं करून बघितलं की त्या मोजता येतात. हा आकडा कॅमेऱ्याचा स्वतःचा. पहिल्यातून तो वजा केला की ट्रान्समीटर आणि हेडफोन मिळून किती उशीर करतात ते उरतं.

दोन वाहिन्यांचा छोटा रेकॉर्डर असेल तर आणखी स्वच्छ काम होतं. एक लेपल माइक कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनजवळ, दुसरा हेडफोनच्या वाटीत, आणि समोर क्लॅप. दोन्ही वाहिन्या एकाच घड्याळावर चालतात, म्हणून दोन लाटांमधलं अंतर थेट उत्तर देतं. फोनच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशननेही लोक मोजतात. तिथे एक फ्रेम 4 मिलिसेकंदांहून थोडी मोठी, म्हणजे अंदाजाला ठीक. फक्त तो फोन टाळीच्या आणि वाटीच्या जवळ हवा. तीन मीटर लांब ठेवलात तर हवेतलेच 9 मिलिसेकंद हिशेबात शिरतात.

एकदा मोजून थांबू नका. दहा वेळा मोजा आणि सरासरीपेक्षा सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवा. मग ट्रान्समीटर मागच्या खिशात टाकून पाठ फिरवा आणि पुन्हा मोजा. माणसाच्या अंगातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतं. घरातल्या सगळ्या फोनांचे हॉटस्पॉट चालू करून मोजा. हेडफोन बंद-चालू करून मोजा, कारण नव्या जोडणीला कधीकधी नवा आकडा मिळतो. स्थिर असलेल्या 120 मिलिसेकंदांची सवय होते. आत्ता 80 आणि मघाशी 190 असेल तर कान कशावरच विसावत नाही.

आकडा हाती आल्यावर प्रश्न येतो की कुणासाठी. याबाबतीत सगळ्यात वाईट अवस्था बोलणाऱ्याची होते. माणसाला स्वतःचाच आवाज थोडा उशिरा ऐकवला तर त्याची जीभ अडखळते, हे अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी 1950 मध्ये मांडलं. हा परिणाम 200 मिलिसेकंदांच्या आसपास सर्वाधिक असतो. याच तत्त्वावर जपानच्या कुरिहारा आणि त्सुकादा यांनी समोरच्याचं बोलणं थांबवणारं यंत्र बनवलं आणि 2012 चं इग नोबेल मिळवलं. नेहमीच्या ब्लूटूथचा उशीर नेमका त्याच जागी पडतो. एकट्याने कॅमेऱ्यासमोर बोलणारी, कानात ब्लूटूथ घालून स्वतःलाच ऐकणारी मुलं ‘आज मला बोलताच येत नाहीये’ म्हणून हिरमुसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. दोष त्यांच्या वाणीत नसतो. त्यांनी हेडफोन काढावा, आधी एक चाचणी रेकॉर्ड करून ऐकावी आणि मग मोकळेपणी बोलावं.

त्यांच्यानंतर बूम धरणारा. 2001 च्या ‘लगान’नंतर मुंबईच्या चित्रपटांत सिंक साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घेण्याचा, वापर पुन्हा वाढला, आणि बूममनच्या मनगटावर बरंच काही अवलंबून राहायला लागलं. नट मान वळवतो त्याच क्षणी मायक्रोफोन वळावा लागतो, आणि तो बरोबर वळला की नाही हे कानच सांगतो. कानात बातमी पाच फ्रेम उशिरा आली तर हात तेवढाच उशिरा सुधारतो. त्याला तारच हवी, किंवा शून्याजवळचा रेडिओ. कीर्तन, संगीत किंवा नाटक चित्रित करणाऱ्याचंही तेच. त्याचा दुसरा कान आजूबाजूचा खरा आवाज ऐकत असतो, आणि 30-40 मिलिसेकंदांपलीकडे दोन्ही आवाज वेगळे होऊन घुमू लागतात.

दिग्दर्शक, निर्माता, लग्नातला नवरदेवाचा भाऊ यांना मात्र संवाद कळला की पुरतं. त्यांना 60 मिलिसेकंदांचा बिनतारी हेडफोन खुशाल द्यावा. मुलाखत असेल तर 150 चाही चालेल. उशीर रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही, हे इथे स्वच्छ सांगायला हवं. कॅमेऱ्यातलं चित्र आणि आवाज जुळलेलेच असतात. एडिटिंगला बसून ‘माझा आवाज मागे आहे’ म्हणून तो पाच फ्रेम सरकवणारे भेटले आहेत मला. त्यांनी जुळलेलं काम बिघडवलं, कारण ते एडिटिंगही त्याच हेडफोनवर करत होते.

आणि आता पुन्हा ती किरकिर. एवढी मापं घेतल्यावर माझं मत असं झालं आहे की उशीर हा बिनतारी हेडफोनचा दुय्यम दोष आहे. उशिराची सवय होते, आकडा माहीत असला की डोकं हिशेब करतं. भरवसा गेला तर मात्र हेडफोन लावण्यात अर्थ उरत नाही. कानात खट् झालं, तर ते रेकॉर्डिंगमध्ये झालं की हवेतच झालं, हे त्या क्षणी सांगता आलं पाहिजे. शिवाय गाण्यांसाठी बनवलेले हेडफोन बास वाढवतात, बाहेरचा गोंगाट दाबतात, आवाज गोड करतात. पंख्याची घरघर, कपड्याची खसखस, मायक्रोफोनवर आदळणारा वारा, जे ऐकायला आपण कान लावून बसलो तेच ते झाकतात. सोनीचा एमडीआर-7506 1991 पासून आणि सेनहायझरचा एचडी 25 1988 पासून रेकॉर्डिस्टांच्या गळ्यात आहेत, ते गोड वाजतात म्हणून नाही. ते खरं सांगतात म्हणून.

तेव्हा कॅमेऱ्याच्या आवाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने तारेचाच हेडफोन लावावा. बाकीच्यांना बिनतारी द्या, पण आधी मोजून द्या आणि आकडा पांढऱ्या टेपवर लिहून हेडफोनच्या पट्टीला चिकटवा. मी आता तसंच करतो. माझ्या बॅगेत दोन बिनतारी हेडफोन आहेत, दोन्हींवर आकडे लिहिलेले. त्यांच्याखाली तारेचा एक, आणि तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल. परवाच्या सप्ताहात कीर्तन संपेपर्यंत तोच कानांवर होता.